फिल्मवर ११ मार्कर उरले, म्हणजे आतडं निकामी झालं का?

पत्र: माझं वय ३६. सात-आठ वर्षं झाली, चार-चार, पाच-पाच दिवस पोट साफ होत नाही. झालंच तर अर्धा-पाऊण तास कुंथावं लागतं आणि तरी काहीतरी अडकून राहिल्यासारखं वाटतं. कधी कधी बोटाने मदत करावी लागते. हे आजवर डॉक्टरांनाही सांगितलेलं नाही. रोज रात्री चूर्ण घेते, आता एका चमच्याने भागत नाही. कोलोनोस्कोपी, सोनोग्राफी, थायरॉईड, साखर, सगळं नॉर्मल. गेल्या महिन्यात मार्करची कॅप्सूल देऊन पाचव्या दिवशी एक्स-रे काढला. २४ पैकी ११ मार्कर आत राहिलेत आणि रिपोर्टवर ‘कोलोनिक इनर्शिया’ लिहिलंय. मधे तिसऱ्या रात्री पोट फार फुगलं म्हणून चूर्ण घेतलं होतं, ते मी बोलले नाही. आता मोठं आतडं काढण्याच्या ऑपरेशनबद्दल सर्जनशी बोलून घ्या असं सुचवलंय. फिल्मचा फोटो सोबत पाठवते. माझं आतडं खरंच मेलंय का? अजून काही तपासण्या असतात का?
एक वाचक, सातारा

नमस्कार.

नाही, या एका फिल्मवरून आतडं मेलं असं म्हणता येत नाही. तिच्या जोरावर ऑपरेशनचा विषय काढायची वेळही आलेली नाही. ज्या तपासणीने सुरुवात व्हायला हवी होती, ती तुमची अजून झालेलीच नाही. ती म्हणजे बाहेर पडायच्या वाटेची, मलाशयाची आणि गुदद्वाराची तपासणी. तिच्याकडे येऊच, पण आधी हातातली फिल्म नीट वाचू.

कोलोनोस्कोपी नॉर्मल आली हे चांगलंच झालं, कारण गाठ, व्रण, सूज नाही हे त्यातून कळलं. पण कोलोनोस्कोपीत आतड्याचं अस्तर दिसतं, चाल दिसत नाही. त्या वेळी आतडं औषधाने धुऊन रिकामं केलेलं असतं, हवेने फुगवलेलं असतं आणि माणूस गुंगीत असतो. सोनोग्राफीचंही तेच. म्हणून ‘सगळं नॉर्मल आहे, तुम्ही फार विचार करता’ असं कुणी म्हणालं असेल तर ते मनाला लावून घेऊ नका. चाल मोजायच्या तपासण्या वेगळ्या असतात आणि मार्करची फिल्म ही त्यातली सर्वांत साधी.

त्या कॅप्सूलमध्ये भिजल्या साबुदाण्याएवढ्या, जेमतेम साडेचार मिलिमीटरच्या कड्या असतात. त्या पचत नाहीत, विरघळत नाहीत, एक्स-रेवर मात्र ठळक दिसतात. १९६९ साली इंग्लंडमध्ये हिंटन, लेनर्ड-जोन्स आणि यंग यांनी ही पद्धत मांडली. निरोगी माणसांना २० मार्कर गिळायला दिले तर पाचव्या दिवसापर्यंत त्यातले ८० टक्के बाहेर पडलेले असतात, हे त्यांनी दाखवलं. आजचा नियम तिथूनच आला. २४ मार्कर गिळले आणि पाचव्या दिवशी ५ किंवा त्याहून कमी उरले, तर चाल ठीक. ६ किंवा जास्त उरले तर चाल मंद. तुमचे ११ उरले, म्हणजे मार्कर पुढे सरकायला उशीर होतोय हे खरं. पण रिपोर्ट लिहिणाऱ्याने आकडा पाहिला, जागा पाहिली नाही.

जागा कशी पाहायची ते सांगतो. फिल्म समोर धरली की तुमची उजवी बाजू फिल्मच्या डाव्या हाताला येते. मधोमध मणक्यांची उभी रांग दिसते. कमरेच्या पाचव्या मणक्यापासून दोन्ही बाजूंना खाली, ओटीपोटाच्या हाडांकडे दोन तिरप्या रेघा मनात ओढा. मणक्याच्या उजवीकडे आणि रेघेच्या वर जे मार्कर, ते उजव्या मोठ्या आतड्यात. डावीकडचे रेघेच्या वरचे डाव्या आतड्यात. दोन्ही रेघांच्या खाली, ओटीपोटाच्या हाडांच्या कढईत जे पडलेत, ते सिग्मॉईड (मलाशयाच्या आधीचा मोठ्या आतड्याचा वाकडा भाग) आणि मलाशयात. तुमच्या फोटोत (फोटोवरची मोजणी ढोबळच असते, रेडिओलॉजिस्टकडून पक्की करून घ्या) एक मार्कर उजवीकडे दिसतो, एक डावीकडे, आणि उरलेले ९ खालच्या कढईत एकमेकांना चिकटून बसलेत.

मार्कर आतडंभर विखुरलेले असतील तर संशय आतड्याच्या चालीवर जातो. बरेचसे तळाशीच जमले असतील तर संशय दारावर जातो, म्हणजे माल दारापर्यंत पोचलाय पण दार उघडत नाही. ‘कोलोनिक इनर्शिया’, म्हणजे मोठ्या आतड्याची चालच थंडावणं, हा शब्द पहिल्या चित्राचा. तुमची फिल्म दुसऱ्या चित्राच्या जवळची आहे.

आता चूर्णाचं. तुम्ही ते पत्रात लिहिलंत हे फार बरं केलंत, कारण त्याने अर्थ बदलतो. रात्री घ्यायच्या बहुतेक चूर्णांत सोनामुखी असते. तिच्यातली द्रव्यं मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंकडून मोकळी होतात आणि आतड्याला ढकलायला लावतात. नियमाप्रमाणे तपासणीच्या दोन दिवस आधीपासून शेवटच्या फिल्मपर्यंत चूर्ण, जुलाबाच्या गोळ्या, एनिमा, सपोझिटरी सगळं बंद ठेवायचं असतं. तुम्ही तिसऱ्या रात्री चूर्ण घेतलंत म्हणजे आतड्याची स्वतःची चाल या फिल्मवर आलेलीच नाही. वरचे मार्कर खाली आले ते स्वतःहून की चूर्णाने रेटले म्हणून, हे आता कळणार नाही. त्यामुळे ‘९ तळाशी आहेत, म्हणजे दोष दाराचाच’ असं ठामपणे म्हणणंही चूक ठरेल. पण दोन गोष्टी या फिल्मने नकळत सांगितल्या. एक, चूर्ण घेतल्यावर मार्कर पुढे सरकले असतील तर आतड्याचा स्नायू आणि त्याच्या नसा हाकेला ओ देतात. मेलेलं आतडं ओ देत नाही. दोन, चूर्ण घेऊनही पुढचे दोन दिवस मार्कर दारातच बसून राहिले. यात बोटाने मदत करावी लागते ही तुमची गोष्ट मिळवा. तीनही गोष्टी एकाच दिशेला बोट दाखवतात.

बोटाने मदत करावी लागते हे पुढच्या भेटीत डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगा. योनीमार्गाच्या मागच्या भिंतीवर दाबल्यावर मोकळं होतं, की गुदद्वाराच्या बाजूला दाबल्यावर, की आत बोट घालून काढावं लागतं, हे तिन्ही वेगळं असतं, तेही सांगा. पहिल्या प्रकारात मलाशयाची पुढची भिंत योनीकडे फुगलेली असू शकते, विशेषतः बाळंतपणानंतर. लाजेपोटी हे लपलं की तपासण्यांचा क्रमच चुकतो. ज्यांना रोज असे रुग्ण दिसतात त्यांना याचं काही वाटत नाही, उलट निदान लवकर होतं.

आता दाराची तपासणी. तिची सुरुवात यंत्राने होत नाही, डॉक्टरांच्या बोटाने होते. डाव्या कुशीवर झोपवून, आत बोट ठेवून ‘शौचाला बसल्यासारखा जोर लावा’ असं सांगतात. जोर लावताना पोट घट्ट व्हायला हवं आणि गुदद्वार सैल पडायला हवं. काही जणांत उलटं होतं. जोर लावला की दारच आवळतं. याला डिसिनर्जिया म्हणतात. यात स्नायू किंवा नस तुटलेली नसते, ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंना लागलेली ती चुकीची सवय असते. अनुभवी हाताला दोन मिनिटांत तिचा अंदाज येतो. ही तपासणी आजवर कुणीच केली नसेल तर आग्रहाने करून घ्या.

त्यानंतर अॅनोरेक्टल मॅनोमेट्री. पेन्सिलपेक्षा बारीक, दाब मोजणारी नळी गुदद्वारातून मलाशयात ठेवतात. टोकाला छोटा फुगा असतो. भूल लागत नाही, अर्ध्या तासात आटोपतं. आधी काही न करता दाब बघतात, मग ‘आवळा’, मग ‘जोर लावा’. जोर लावताना मलाशयातला दाब वाढून गुदद्वारातला दाब मूळ दाबाच्या किमान २० टक्के उतरायला हवा. फुग्यात हवा भरत नेऊन पहिली जाणीव कधी होते, घाई कधी वाटते, सहन होईनासं कधी होतं, हेही टिपतात. वर्षानुवर्षं मल अडवून ठेवणाऱ्या मलाशयाची जाणीव बोथट झालेली असते, आणि तुमच्या ‘चार-चार, पाच-पाच दिवस पोट साफ होत नाही’ या तक्रारीचं मूळ तिथेही असू शकतं. फुगा फुगवल्यावर गुदद्वाराचा आतला गोल स्नायू आपोआप सैल पडतो का, हेही त्याच वेळी कळतं. तो पडत नसेल तर हिर्शस्प्रंग आजाराचा विचार करतात, कारण त्यात आतड्याच्या शेवटच्या भागात नसांच्या पेशींचे पुंजके जन्मतःच नसतात. तो बहुधा तान्हेपणीच सापडतो. तुमचा त्रास विशी उलटल्यावर सुरू झालाय, त्यामुळे ती काळजी मागे ठेवा.

मॅनोमेट्रीची एक उणीव जरूर माहीत असू द्या. अनोळखी खोलीत, कुशीवर पडून, नळी आत असताना जोर लावणं निरोगी माणसालाही नीट जमत नाही, आणि कागदावर डिसिनर्जिया उमटतो. म्हणून तिच्या जोडीला बलून एक्स्पल्शन चाचणी लागतेच. फुग्यात ५० मिलिलिटर कोमट पाणी भरतात, तुम्हाला कमोडवर बसवून एकटं सोडतात आणि बाहेर घड्याळ लावतात. एका मिनिटात, फार तर दोन मिनिटांत फुगा बाहेर पडायला हवा. चाचणी अगदी साधी आहे, पण बोलकी. मॅनोमेट्रीही बिघडलेली आणि फुगाही निघत नाही, असं दोन्ही जुळलं तरच निदान पक्कं धरा. दोन्हींचं जुळलं नाही, किंवा भिंत फुगल्याची शंका असली, तर डेफेकोग्राफी करतात. मलाशयात खळीसारखं घट्ट द्रव्य भरून, बाहेर टाकताना एक्स-रे किंवा एमआरआयने चित्रं घेतात. या सोयी मुंबई-पुण्यातल्या मोठ्या रुग्णालयांच्या गॅस्ट्रोएन्टरॉलॉजी विभागांत मिळतात. नाव नोंदवताना ‘मॅनोमेट्री आणि बलून एक्स्पल्शन, दोन्ही करता का?’ एवढं विचारा. फक्त पहिलंच करत असतील तर दुसरीकडे जा.

दार आधी आणि आतडं नंतर, हा क्रम महत्त्वाचा का? कारण दार बंद राहिलं की वरची चालही मंदावते. मलाशय सतत भरलेलं असलं तर आतडं मागून ढकलणं कमी करतं. डिसिनर्जियाच्या बऱ्याच रुग्णांत मार्करची फिल्म ‘मंद’ येते, आणि दार सुधारल्यावर तीच फिल्म पुष्कळांत नॉर्मल होते. उलट क्रमाने गेलं तर दोष दाराचा असताना आतड्याला शिक्षा होते.

मोठं आतडं दिवसभर काय करतं, हे थोडं सविस्तर सांगतो, म्हणजे ‘इनर्शिया’ या शब्दाची भीती कमी होईल. लहान आतड्यातून रोज एक ते दीड लिटर पातळ रस त्यात येतो आणि शौचावाटे त्यातलं १०० ते २०० मिलिलिटर पाणी बाहेर जातं. म्हणजे बहुतेक वेळ त्याचं काम आहे घुसळायचं, शोषायचं आणि धरून ठेवायचं. पुढे ढकलण्याचं काम मोजकंच. निरोगी माणसात दिवसाला सरासरी पाच-सहा वेळा एक मोठी लाट उठते. १०० मिलिमीटर पाऱ्याहून जास्त दाबाची, सेकंदाला साधारण एक सेंटीमीटर वेगाने वरून खाली जाणारी. एकाच लाटेत माल हातभर पुढे सरकतो. अशा लाटा उठतात त्या सकाळी जाग आल्यावर आणि जेवल्यानंतर. गाढ झोपेत जवळजवळ नसतातच. सकाळी चहा-नाश्त्यानंतर संडासला जायची आपली जुनी सवय या लाटांना धरूनच आहे. कॉफीनेही आतडं हलतं, तूप-तेलाच्या जेवणाने तर चांगलंच हलतं.

दुसरी चाल त्याहून नाजूक आहे. सिग्मॉईड आणि मलाशयाच्या भागात मिनिटाला दोन ते सहा या ठेक्याने छोट्या लाटा उठतात, आणि त्यातल्या पुष्कळ खालून वर, उलट्या जातात. जेवल्यावर त्या वाढतात. म्हणजे वरून रेटा येतो तेव्हा तळाशी ब्रेक लागतो, आणि म्हणूनच प्रत्येक जेवणानंतर धावायची पाळी येत नाही. या उलट्या लाटा कित्येक वर्षं मोजणाऱ्यांच्या हातून निसटत होत्या. जुन्या नळ्यांवर दाबाचे सेन्सर सात-सात, दहा-दहा सेंटीमीटरवर असायचे आणि दोन सेन्सरांच्या मधली छोटी लाट दिसायचीच नाही. दिसली तरी ती कुठल्या दिशेला चालली याचा अंदाज साफ चुकायचा. ऑस्ट्रेलियात ॲडलेडच्या फ्लिंडर्स विद्यापीठातल्या गटाने दर सेंटीमीटरला एक, असे ७२ सेन्सर असलेली ऑप्टिकल फायबरची नळी वापरली तेव्हा हे चित्र स्पष्ट झालं, आणि विरळ सेन्सरांच्या नळ्यांवरून काढलेले जुने निष्कर्ष पुन्हा तपासावे लागले. खऱ्या मंद आतड्यात काय बिघडतं तेही अशाच नोंदींतून कळतं. मोठ्या लाटा कमी होतात किंवा अर्ध्या वाटेत विरतात, आणि जेवल्यावर जी खळबळ दिसायला हवी ती दिसत नाही. ऑपरेशनने काढलेली अशी आतडी तपासली तेव्हा ठेका धरणाऱ्या काहाल पेशी त्यांत कमी आढळल्या आहेत.

या तपासणीला कोलोनिक मॅनोमेट्री म्हणतात. ती पूर्ण आतड्याची असते, गुदद्वाराच्या मॅनोमेट्रीहून वेगळी. जुलाबाचं औषध पाजून आतडं रिकामं करतात, कोलोनोस्कोपने नळी वरपर्यंत नेऊन ठेवतात, मग सहा तासांपासून पूर्ण दिवसभर नोंद घेतात. आधी उपाशीपोटी, मग भरपेट जेवण देऊन, शेवटी नळीतून बिसाकोडिल हे आतड्याला ढकलायला लावणारं रेचक सोडून. जेवणाने लाट उठली नाही पण बिसाकोडिलने उठली, तर स्नायू-नसा शाबूत आहेत. दोन्हींनी उठली नाही तर इनर्शिया हा शब्द वापरायला आधार मिळतो. ही तपासणी मोजक्याच ठिकाणी होते, आणि रिकामं केलेलं आतडं भरलेल्या आतड्यासारखं वागत नाही ही तिची मर्यादा आहे. तुम्हाला आज तिची गरज नाही. पण मोठं आतडं काढायचं ठरत असेल तर तिचा विचार व्हायलाच हवा.

दोन आणखी नावं तुमच्या कानावर पडतील. दाब, तापमान आणि आम्लता मोजत जाणारी बिनतारी कॅप्सूल होती. ती बनवणं कंपनीने अलीकडे बंद केलं आहे, तेव्हा तिच्या शोधात फिरू नका. किरणोत्सारी द्रव्य देऊन कॅमेऱ्याखाली चाल पाहण्याची सिंटिग्राफीही असते. चांगली असते, पण मार्करची फिल्म नीट काढली तर तुमच्या प्रश्नाला ती पुरते.

‘नीट काढली तर’ यावर थोडं थांबतो, कारण फिल्म पुन्हा काढावी लागणार आहे. दार सुधारल्यानंतर काढा, आत्ता नाही. तेव्हा एकाच कॅप्सूलऐवजी तीन दिवसांची पद्धत मागा. रोज ठरल्या वेळी, समजा सकाळी नऊला, २४ मार्करची एक कॅप्सूल, अशा सलग तीन दिवस तीन कॅप्सूल. चौथ्या दिवशी सकाळी नऊला फिल्म, गरज पडल्यास सातव्या दिवशी दुसरी. १९८७ साली अमेरिकेत रूढ झालेल्या या पद्धतीची खुबी अशी की दोन्ही फिल्मवर दिसणारे मार्कर मोजून बेरीज केली की तेवढे तास, दुसरं गणित नाही. चौथ्या दिवशी ४६ आणि सातव्या दिवशी १० दिसले तर तुमच्या मोठ्या आतड्याचा प्रवास ५६ तासांचा. साधारण ७० तासांपर्यंत नॉर्मल धरतात. प्रत्येक भागातले मार्कर वेगळे मोजले तर कुठल्या भागात किती तास गेले तेही निघतं.

हे आकडे पाश्चात्त्य देशांतले. आपल्याकडे निरोगी माणसाचं आतडं एकंदर जलद चालतं, रोज एक-दोनदा जाणारे लोक जास्त, म्हणून पाच दिवस थांबलं तर थोडंसं मंदावलेलं आतडंही सगळे मार्कर टाकून मोकळं होतं आणि फिल्म खोटीच ‘नॉर्मल’ येते. लखनौच्या संजय गांधी पदव्युत्तर आयुर्विज्ञान संस्थेत यासाठी वेगळा क्रम बसवला. सुरुवातीला, १२ तासांनी आणि २४ तासांनी असे २०-२० मार्कर, मग ३६ आणि ६० तासांनी फिल्म. ६० पैकी ३६ तासांना ३० किंवा जास्त, ६० तासांना १४ किंवा जास्त उरले तर मंद. तुमच्या डॉक्टरांना हा क्रम सोयीचा असेल तर तो उत्तमच. कुठलाही क्रम घ्या, पण रिपोर्टवर क्रम लिहिलेला हवा. किती मार्कर, कधी दिले, फिल्म कधी काढली हे नसेल तर नुसता ‘११ उरले’ हा आकडा बिनकामाचा.

त्या दिवसांत रोजचंच जेवा, मुद्दाम सॅलड वाढवू नका, भाकरी सोडू नका. फिल्म काढताना तंत्रज्ञाला सांगा की खाली जांघेच्या हाडापर्यंत सगळं यायला हवं. पोटाच्या फिल्ममध्ये तळ कापला गेला की मलाशयातले मार्कर गायब, आणि तुमच्यासारख्या रुग्णात नेमकं तेच बघायचं असतं. मासिक पाळी चुकली असेल तर आधी गर्भधारणा नाही याची खात्री करा. एका फिल्मचा किरणोत्सर्ग निसर्गातून वर्षभरात मिळतो त्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास असतो, म्हणून रोज एक फिल्म काढू देऊ नका. पोट फारच फुगलं तर काय घेतलेलं चालेल, हे आधीच विचारून ठेवा आणि घेतलंच तर तारीख-वेळेसह लिहा.

दार आवळतंय असं निघालं, तर त्यावर उपाय आहे आणि तो गोळीचा नाही. बायोफीडबॅकमध्ये तीच नळी ठेवून पडद्यावर तुमच्याच दाबाची रेघ दाखवतात आणि पोटाने जोर लावत खालचं सैल सोडायला शिकवतात. दर आठवड्या-पंधरवड्याला तासाभराचं एक, अशी चार ते सहा सत्रं होतात. चांगल्या केंद्रांत दहातल्या सहा-सात जणांना गुण येतो, आणि ही शिकवण टिकते. रेचकं वाढवून हे साधत नाही.

तोवर घरी एवढं करा. नाश्त्यानंतर अर्ध्या तासात, रोज त्याच वेळी बसा, लागली असो वा नसो, पण दहा मिनिटांच्या वर नाही. कमोड असेल तर पायाखाली १५ ते २० सेंटीमीटर उंचीचं स्टूल घ्या. एक पाट पुरत नाही. गुडघे कमरेच्या वर आले, अंग थोडं पुढे झुकलं की मलाशय आणि गुदद्वारामधला कोन सरळ होतो. श्वास कोंडून कुंथू नका, पोट पुढे फुगवून हळूहळू श्वास सोडत जोर लावा. इसबगोल सोसत असेल तर ठेवा, पण घेऊन पोट टणक होत असेल तर कमी करा. दार बंद आणि चाल मंद असताना कोंडा-इसबगोल वाढवत नेणं म्हणजे तुंबलेल्या गटारात आणखी पालापाचोळा टाकणं.

चूर्णाबद्दल मनात अपराधी भाव आहे असं पत्रावरून वाटलं. सोनामुखीने आतड्याच्या नसा कायमच्या मरतात, या समजाला भक्कम पुरावा नाही. कोलोनोस्कोपीत कधी अस्तर तपकिरी दिसतं, तो रंग निरुपद्रवी असतो आणि औषध थांबवल्यावर जातो. अडचण वेगळी आहे. चूर्णात सोनामुखी किती हे बहुधा नेमकं कळत नाही, म्हणून मात्रा बसवता येत नाही. डॉक्टरांना विचारून पॉलीइथिलीन ग्लायकॉलची पावडर, रोज १७ ग्रॅम एक पेला पाण्यातून, यावर या. अडलंच तर आठवड्यातून एक-दोनदा बिसाकोडिल ५ ते १० मिलिग्रॅम रात्री. दार सुधारूनही फिल्म मंदच आली तर प्रुकॅलोप्राइड हे खास आतड्याची चाल वाढवणारं औषध आहे, ते आपल्याकडे मिळतं. याशिवाय चालू औषधांची यादी एकदा तपासून घ्या. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या, रक्तदाबाचं व्हेरापामिल, ट्रामाडोल, कोडीनचं खोकल्याचं औषध, अॅमिट्रिप्टिलीन, हे सगळे आतडं मंदावतात.

ऑपरेशनचं दार बंद नाही, ते सर्वांत शेवटी आहे. रेचकं बंद ठेवून काढलेल्या फिल्ममध्ये चाल मंद असल्याचं पुन्हा पुन्हा सिद्ध व्हावं, मलाशय-गुदद्वार ठीक असावं किंवा ठीक केलेलं असावं, जठर आणि लहान आतड्याची चाल तपासलेली असावी, औषधं पुरेशी वापरून झालेली असावीत, तेव्हाच मोठं आतडं काढून लहान आतडं मलाशयाला जोडण्याचा विचार होतो. दार न तपासता हे केलं तर अडकणारं अडकतंच, शिवाय वरून दिवसाला अनेकदा पातळ होतं.

शौचातून रक्त, कारण नसताना वजन घटणं, हिमोग्लोबिन उतरणं, पोट फुगून वारासुद्धा न सरणं आणि उलट्या, यातलं काही झालं तर या क्रमाची वाट न बघता लगेच दाखवा.

आजपासून एक वही ठेवा. तारीख, वेळ, किती मिनिटं लागली, बोटाची मदत लागली का, काय औषध घेतलं, आणि मल कसा होता: लेंड्या, भेगा पडलेला, मऊ, की पातळ. ब्रिस्टलमध्ये तयार झालेल्या सात प्रकारांच्या तक्त्यात पहिले दोन, म्हणजे सुट्या लेंड्या आणि लेंड्या चिकटून झालेला लांबट, गाठाळ मल, हे मंद चालीचे मानतात. आठवड्यातून किती वेळा जाता यापेक्षा मलाचा आकार चालीबद्दल जास्त खरं सांगतो. मल मऊ असूनही तासभर कुंथावं लागत असेल तर ती नोंद लाल शाईने करा आणि मॅनोमेट्रीच्या दिवशी वही सोबत न्या.